माफीला मंजुरी

बाईंच्या परसातून पाण्याचा फवारा उडाला, तेव्हा सल्लागाराच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता गाडीपर्यंत चालत जावंच लागणार. नकाशा गाडीत होता. पाण्याचा पाइप कुठून जातो ते त्यावर निळ्या रेघेने दाखवलेलं होतं. पण आठवड्यातली ही सहावी जागा, पाय भरून आलेले आणि गाडी पार फाटकाबाहेर. तेव्हा त्याने अंदाजाने मातीत छिद्र पाडायचं यंत्र लावलं आणि बरोबर निळ्या रेघेवरच लावलं.

तो पर्यावरण सल्लागार होता. म्हणजे जमीन विकण्याआधी तिच्या पोटात काय मुरलंय ते सांगणारा माणूस. बाईंच्या घरामागे पूर्वी गॅरेज होतं, आणि ती जागा विकायची तर मातीत तेल उरलेलं नाही असा अहवाल हवा होता. असे अहवाल देणारे शहरात पुष्कळ होते, पण बाईंनी यालाच बोलावलं, कारण चौथीत तो त्यांच्या वर्गात होता. "माझा विद्यार्थी आहे," त्यांनी शेजारणीला सकाळीच ऐकवलं होतं, "लबाडी ठाऊकच नाही त्याला."

पाणी मागच्या खोलीत शिरलं आणि पुस्तकांच्या कपाटाचा खालचा खण न्हाऊन निघाला. बाईंनी पाण्याचा मुख्य नळ बंद केला आणि खराटा घेऊन बाहेर आल्या. तोवर सल्लागाराने नियमाप्रमाणे विमा एजंटला फोन लावला होता. सल्लागाराच्या चुकीमुळे कुणाचं नुकसान झालं तर भरपाई कंपनीने द्यायची, असं सांगून एजंटने त्याला पॉलिसी दिली होती.

"काही बोललात का त्यांना?" एजंटने विचारलं.

"अजून नाही."

"देव पावला! बोलूही नका. चूक कबूल केलीत, नुसतं सॉरी म्हणालात, तरी पॉलिसी बाद."

"अहो, पण चूक माझीच—"

"श्श! मलाही सांगू नका!"

बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. "काय झालं रे, पेन्सिल?" हे त्याचं शाळेतलं नाव. आता पोट त्याच्या वीतभर पुढे चालायचं, पण बाईंच्या लेखी तो अजून पेन्सिलच होता.

"बाई, जमिनीतून पाणी वर येत असल्याचं दिसतंय."

"ते मलाही दिसतंय. आलं कसं?"

"ते... अभ्यासाअंती सांगता येईल."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. वही घरी राहिली म्हणणाऱ्या पोराकडे त्या असंच पाहायच्या. "पाइपाचं राहू दे, प्लंबर बघेल. तू एवढंच म्हण, बाई, चुकलं माझं."

तो खाली वाकून यंत्र आवरायला लागला. इतका ओशाळवाणा तो जन्मात झाला नव्हता.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "बावीस वर्षांत माझी कधी माफी मागितली नाहीत," ती म्हणाली, "तेव्हा कुठली कंपनी आडवी आली होती?"

दुसऱ्या दिवशी त्याने एजंटला विचारलं, कंपनीच्या परवानगीने माफी मागता येईल का? येईल, पण अर्ज करावा लागेल. अर्जात माफी कुणाची, कशाबद्दल, तोंडी की लेखी, असे रकाने होते. मग कंपनीचा तपासनीस बाईंकडे गेला, कपाटाची उंची मोजली, आणि पुस्तकं आधीपासूनच ओली होती का, असं त्याने बाईंना विचारलं. बाईंनी त्याला खराट्यासकट फाटकापर्यंत पोचवलं आणि सल्लागाराला चिठ्ठी धाडली. सोमवारपर्यंत चूक कबूल केली नाहीस तर तुझ्या नोंदणी मंडळाकडे तक्रार करीन. मुद्दा पाइपाचा नाही.

मंडळाने नोंदणी काढून घेतली असती तर धंदा बसला असता, हे खरंच. पण त्याची झोप उडाली होती ती वेगळ्याच धास्तीने. आपल्याला खरा माणूस समजणारं जगात एक माणूस होतं, तेही आता हातचं चाललं होतं.

अर्ज केल्यापासून तीन आठवड्यांनी, नेमक्या त्याच सोमवारी, मंजुरी आली. मजकूर कंपनीच्या वकिलांनी लिहून दिलेला होता. सल्लागाराने तो बाईंसमोर उभं राहून वाचला. "सदर ठिकाणी पाणी आल्याच्या परिस्थितीबाबत, कोणतीही जबाबदारी न स्वीकारता, खेद असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

"खेद कुणाला झालाय?" बाईंनी विचारलं.

"कंपनीला. नाही, म्हणजे... कंपनीलाही नाही."

बाई खुर्चीत टेकल्या. त्याही दमल्या होत्या. "शेजारीण रोज विचारते रे, तुमचा विद्यार्थी काही म्हणाला का? मी रोज सांगते, म्हणेल."

मग मात्र त्याला राहवलं नाही. "बाई, पाइप मीच फोडला. नकाशा गाडीत होता. आणायचा कंटाळा केला. चुकलं माझं." तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्याला मोकळा श्वास घेता आला.

"झालं," बाई म्हणाल्या आणि लिहून ठेवलेला तक्रारीचा कागद त्यांनी टराटरा फाडला. "पाइप प्लंबरने त्याच दिवशी जोडला, तासाभरात. बस, चहा टाकते."

बाई आत गेल्यावर त्याने एजंटला फोन लावला. "सगळं कबूल केलं मी. करा पॉलिसी बाद."

"बाद कशाला?" एजंट म्हणाला. "कालच नीट वाचली मी तुमची पॉलिसी. ती सल्ल्यापुरतीच आहे, साहेब. चुकीचा सल्ला दिलात तर भरपाई. खोदताना काही फोडलंत तर त्याची पॉलिसी वेगळी असते, ती तुम्ही घेतलेलीच नाही."

"म्हणजे मी त्याच दिवशी बाईंना चुकलं म्हणालो असतो तर?"

"काही बिघडलं नसतं."

"मग तीन आठवडे मला गप्प बसवलंत ते कशापायी?"

फोनमध्ये एजंट पुन्हा पॉलिसीची पानं चाळत असल्याचा आवाज आला.

"आता निदान तुम्ही तरी म्हणा," सल्लागार थकून म्हणाला, "चूक झाली म्हणून."

"मनापासून म्हणावंसं वाटतंय, साहेब," एजंट आवाज खाली आणून म्हणाला. "पण चुकीच्या सल्ल्याची पॉलिसी मीही काढलीय. आजच अर्ज टाकतो. तीनेक आठवडे धरा."