बरणीतला कोळसा

आमच्या घरी पहिला फ्रिज आला त्या दिवशी शेजारचे अप्पा सर पेढा खायला आले, आणि पेढा तोंडात टाकून त्यांनी खिशातून कोळसा काढला. चांगला लिंबाएवढा, लाकडी. आमच्याकडे अंडी येत नसत, त्यामुळे अंड्यांची जागा रिकामीच होती. तिथे त्यांनी तो नेऊन बसवला. माझी बायको बघतच राहिली.

"वास धरून ठेवतोय हा," सर म्हणाले.

सर शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. निम्मी परळी त्यांना अधिशोषण सर म्हणायची. पाणी स्पंजात शिरतं ते शोषण. नुसतं वरच्या अंगाला धरून राहणं ते अधिशोषण. हा फरक त्यांना जीव की प्राण होता. एकदा चौकात एक पुढारी कामगारांच्या शोषणावर घसा फोडून बोलत होता. सर मधेच उठले आणि त्यांनी विचारलं, "आत शिरतंय का वर धरतंय?" पुढच्या भाषणाकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही.

आमच्याकडे वाळत घातलेल्या कपड्यांवर औष्णिक वीज केंद्राची राख बसते. ते अधिशोषण का, असं मी विचारलं, तर सरांनी माझी कीव केली. झटकली की जाते, ती कसली धरते? "बसणं येगळं, धरणं येगळं."

अधूनमधून ते आमचा कोळसा तव्यावर तापवून द्यायचे. ऊब लागली की धरलेलं सगळं सोडतो आणि पुन्हा नवा होतो, असं त्यांचं म्हणणं. फ्रिजमधला जुना लसूण तेव्हा घरभर फिरायचा.

सरांची बायको, आमच्या काकू, मिसरी लावायच्या. भाजलेल्या तंबाखूच्या त्या वासावरून सरांनी जन्मभर कटकट केली. त्यांच्या मिसरीच्या कोनाड्यातही कोळसा ठेवला होता. काकू वारल्या आणि सरांचं आमच्याकडे येणं तुटलं.

एका दुपारी आमचा कोळसा फुटला म्हणून मीच त्यांच्याकडे गेलो. घट्ट झाकणाच्या बरणीत एक दिसला. मी हात पुढे केला, तर सरांनी बरणी पोटाशी धरली.

"ह्यो न्हाई. हिच्या कोनाड्यातला हाय."

मग खाली बघत सांगू लागले. दिवाळीनंतर एकदा राहवलं नाही म्हणून तो तव्यावर ठेवला. हळूहळू मिसरीचा वास सुटला, काकू घरात वावरताहेत असं वाटायला लागलं. सर सवयीनं रागवायलाही उठले. तेव्हा दिसलं, खिडकी सताड उघडी होती.

"निम्मी गेली," सर म्हणाले. "आजून थोडी असंल आत." मग स्वतःलाच दुरुस्त केलं. "आत न्हाई. वर."

त्यांनी बरणी मांडीवर घेतली.

"लई आठवण येती हो. पन तापवायचं भ्याव वाटतंय. ही शेवटचीच."

मी उठलो, खिडकी लावून घेतली आणि त्यांच्याकडे पाहिलं. सरांचा हात झाकणावर गेला, थोडा वेळ तिथंच राहिला.

"आज नगं," ते म्हणाले. "पन खिडकी ऱ्हाऊ द्या लावलेली."