मुनीरचाचांची चतुःसीमा

कोणी आनंदाची बातमी सांगितली की माणसं पेढे मागतात. अहमदपूरचे मुनीरचाचा चतुःसीमा मागतात. माझ्या मुलीचं लग्न ठरल्याचं मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "चतुःसीमा सांगा." म्हणजे मुलाच्या घराच्या पूर्वेला कोण, पश्चिमेला काय, सगळं. व्याह्यांच्या घरामागे पिठाची गिरणी आहे, हे मला चाचांमुळे कळलं.

मी लातूरला एका वकिलांकडे कारकून आहे. चाचा आमचे पक्षकार, धंद्याने शिंपी. त्यांच्या मुलाने, अल्ताफने, दुकान टाकायला एका पतसंस्थेचं कर्ज काढलं, चाचांनी त्यापोटी राहतं घर गहाण दिलं. दुकान बुडालं. अल्ताफ लाजेने घर सोडून गेला, तो गेलाच. पतसंस्थेने घराच्या लिलावाची नोटीस पेपरात दिली आणि पूर्वेची गल्ली पश्चिमेला छापली. तेवढ्यावर आम्ही कोर्टातून स्थगिती आणली. चतुःसीमेचं वेड लागलं ते तेव्हापासून.

पतसंस्था चूक सुधारून पुन्हा नोटीस छापायची. चाचा गळ्यातला टेप काढून घर मोजायचे, नवी चूक शोधायचे आणि पहिल्या एसटीने लातूर गाठायचे. अशी नोटीस आली तर दुसऱ्याच्या तोंडचं पाणी पळेल. चाचा त्या दिवशी दहा पेपर विकत घ्यायचे आणि खुशीत असायचे. आम्ही त्यांच्यामागे फार हसायचो.

मग चाचांच्या नांदेडच्या लेकीने पैसे भरायची तयारी दाखवली. पतसंस्थाही तडजोडीला राजी झाली. घर सुटणार होतं, पण चाचा सहीच करेनात. तीन तारखा अशाच गेल्यावर वकीलसाहेब चिडले. घर वाचवायचंय, की कोर्टात यायची चटक लागलीय, असं त्यांनी तोंडावर विचारलं. मलाही राग आला होता, खोटं कशाला बोलू?

चाचांनी सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला. "घर तर पायजेच, साहेब. न्हाई तर पोरगं येणार कुठं? पर नोटिशीत त्याचं नाव छापून येतंय. बापाचं घर चाललंय, हे वाचंल कुठं तरी. भेळीच्या कागदावर तरी दिसंल. तडजोड झाली की नाव छापणंच बंद."

साहेबांनी फाईल मिटली. मला आमच्या हसण्याची लाज वाटली.

दोन दिवसांनी साहेबांनीच तोड काढली. चाचांनी सही करायची आणि आम्ही आमची जाहीर नोटीस द्यायची: घर गहाणातून सुटलं आहे, कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत या कार्यालयात कळवावे. अल्ताफचं नाव अगदी वर, ठळक. मसुदा मी लिहायला घेतला, चाचा चतुःसीमा सांगू लागले. पूर्वेस गल्ली, पश्चिमेस शेजाऱ्याचे घर, दक्षिणेस मोकळी जागा. उत्तरेला येऊन ते थांबले.

"उत्तरेस हातपंप अन् आमचं दार. दार उघडं असतंय, असं लिवा."

असलं वाक्य नोटिशीत बसत नाही. मी लिहिलं. साहेबांनीही खोडलं नाही.

ते पंधरा दिवस केव्हाच सरले. दावा निकाली निघाला, आता तारीख नाही की काही नाही. तरी दर सोमवारी चाचा अहमदपूरहून येतात, माझ्या टेबलासमोर बसतात, चहा घेतात. उठताना हळूच विचारतात,

"हरकत घ्यायला कोणी आलतं का?"