सुट्टीच्या दिवशी दोघे हजर

सोमवारी सकाळी घड्याळराव उठले तेव्हा बायको गाढ झोपेत होती. आदल्या रात्री दोघांचं चांगलंच वाजलं होतं. रुसवा अजून उतरलेला नाही असं समजून त्यांनी स्वतःच चहा केला आणि दार हलकेच ओढून ऑफिसला निघाले. त्यांना उशीर झालेला आजवर कुणी पाहिला नव्हता; लोकांनी हे नाव उगीच ठेवलं नव्हतं.

रस्ता मोकळा, बसमध्ये हवी ती खिडकी. दिवस झकास जाणार, अशी त्यांची खात्रीच पटली. ऑफिसची किल्ली त्यांच्याकडेच असे. दार उघडून ते बराच वेळ बसले, पण चिटपाखरू फिरकेना. "काम चुकवायची लाज कशी ती नाहीच लोकांना!" असं पुटपुटताना त्यांची नजर कॅलेंडरवर गेली. राष्ट्रीय दिन रविवारी आला होता, म्हणून त्याची सुट्टी ऑफिसनं सोमवारी दिली होती. तारीख चांगली लालभडक होती.

कपाळावर हात मारून ते उठणार, तोच दार ढकलून साहेब आत आले. गळ्यात टाय, हातात बॅग.

"तुम्ही? आज?" साहेबांनी विचारलं.

"काम तुंबलं होतं," घड्याळरावांच्या तोंडून निघून गेलं. "म्हटलं, सुट्टीच्या शांततेत उरकावं."

साहेबांनी कॅलेंडरकडे पाहिलं. त्यांचा चेहरा क्षणभर पडला आणि लगेच सावरला.

"वा! मीसुद्धा त्याच विचारानं आलो. सुट्टी आहे हे ठाऊक होतंच की!"

झालं! साहेब केबिनमध्ये असताना घड्याळरावांना उठवेना, आणि हाताखालचा माणूस राबत असताना साहेबांना निघवेना. घड्याळरावांनी झालेलीच कामं पुन्हा करायला घेतली. तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, आहात कुठे?" बायको कडाडली. "पोरगी केव्हाची नटून बसलीय. तळ्यावर नेणार होतात ना तिला?"

घड्याळरावांनी केबिनकडे चोरून पाहिलं. "साहेबांनी बोलावलंय गं," ते कुजबुजले.

"सुट्टीच्या दिवशी? थांबा, त्यांच्या घरीच फोन करते!"

थोड्याच वेळात केबिनमधला फोन खणखणला. काचेतून साहेब घाम पुसताना दिसले.

आणि मग दोन्ही बायका जोडीनंच ऑफिसात येऊन थडकल्या. मागून नटलेली पोरगी.

"साहेब," घड्याळरावांच्या बायकोनं पदर खोचला, "माणसाला एक सुट्टीही मिळू नये का?"

"अहो, यांना कशाला बोलता?" साहेबांच्या बायकोनं घड्याळरावांकडे बोट केलं. "या भाऊजींनी घोळ घातला, म्हणून तो निस्तरायला यांना धावत यावं लागलं!"

"बाबा," पोरीनं विचारलं, "म्हणजे तुम्हीच एकमेकांना बोलावलंत?"

आधी साहेबांचे खांदे गदागदा हलू लागले, मग त्यांचं हसू फुटलं. "वहिनी, यांची काही चूक नाही हो. आज सुट्टी आहे हेच मी विसरलो होतो."

"मीसुद्धा, साहेब!" घड्याळरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"आणि एवढा वेळ आत बसून काय करत होतात?" दोन्ही बायकांनी एकदमच विचारलं. साहेबांनी घाईघाईनं गाडीची किल्ली काढली.

दुपारी साहेबांच्याच गाडीतून सगळे तळ्यावर गेले. बायका काठावर गप्पांत रंगल्या. होडीत पोरगी मधे बसली; एक वल्हं साहेबांच्या हाती आलं, दुसरं घड्याळरावांच्या.

"आधी आपण, साहेब."

"छे, छे, तुम्ही सुरुवात करा."

होडी जागच्या जागी गरगरू लागली. पोरीनं बराच वेळ सहन केलं, मग ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, तुम्ही चुकताय! बाबा सांगतील तसं करा!"

घड्याळरावांनी वल्हं थांबवलं. साहेबांना असं तोंडावर आजवर कुणी सुनावलं नव्हतं.

साहेबांनी टाय सोडून खिशात कोंबला, बाह्या वर सारल्या आणि शहाण्या मुलासारखे सरळ बसले.

"सांगा, घड्याळराव," ते म्हणाले. "काय करू?"