पाहुणा नको म्हणाला तर

"बाबा, फक्त शुद्धलेखन बघायचं हं. बाकी कशाला हात लावायचा नाही," धड्याचे कागद वडिलांच्या हातात देत रुचीनं बजावलं.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" असं म्हणत शरच्चंद्र मास्तर चष्मा पुसून कामाला बसले.

रुची मध्य प्रदेशात, देवासला एका कंपनीत नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात मराठीतून धडे लिहायची. कंप्युटरवर खेळ कसे बनवायचे, अगदी श्रीगणेशापासून. इथली आपली मराठी पोरं हिंदीत शिकलेली, मराठी वाचताना ठेचकाळणारी. म्हणून तिची भाषा अशी सोपी, की निवृत्त मास्तरांनाही सगळं समजावं. समजतही होतंच! आणि मुलीचा अभिमान किती? कोथिंबीर घेता घेता ते भाजीवालीलाही लूप म्हणजे काय ते समजावत.

रविवारी गावातल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तिचा पहिला वर्ग होता. जमला तर अध्यक्ष संताजीराव दर रविवारी हॉल देणार होते. फसला तर हॉलला साखरपुड्यांची कमी नव्हती.

धड्याचं नाव 'पंगत'. मराठी सूचनांचे ठोकळे पडद्यावर एकाखाली एक जोडायचे, की खेळ तयार. वाढपी जिलबी घेऊन पंगतीत फिरतो, एकेकाला वाढतो, टोकाला पोचला की पुन्हा पहिल्या पानापासून सुरू. हाच लूप. शेवटची सूचना होती: 'पाहुणा नको म्हणाला तर वाढणं थांबव.'

मास्तरांची पेन्सिल तिथंच अडली. पहिल्याच 'नको'ला थांबायचं? ही कुठली रीत? पोरांनी धडा वाचून हेच शिकायचं का? दुरुस्ती शुद्धलेखनात बसत नव्हती, पण संस्कारात चपखल बसत होती. त्यांनी ओळ खोडून लिहिलं, 'पाहुणा नको म्हणाला तर अजून वाढ,' आणि चौकातून स्वतःच प्रती काढून आणल्या.

रविवारी हॉल भरला. धारहूनही दोन-तीन पोरं आली होती. रुचीनं पंगतीची गोष्ट अशी रंगवली, की मागं बसलेले आईबापही माना डोलवू लागले. मुलांनी कागदात बघून ठोकळे जोडले, बटण दाबलं, आणि वाढपी निघाला.

"ताई, हा तर रुकतच नाही!" धवल ओरडला.

"माझा पाहुणा जिलब्यांच्या मागं गेला. फक्त टोपी दिसतेय," चिऊ म्हणाली.

"अरे भिया, ऑफिसचा लॅपटॉप आहे तो! तव्यासारखा तापलाय!" धवलचे वडील माळवी हेलात ओरडत धावत आले.

रुचीचा चेहरा उतरला. घरी तर सगळं नीट चाललं होतं! तिनं कागद उचलला, वाचला, आणि तिचे डोळे वडिलांना शोधू लागले. मास्तर खांबाआड सरकले. एका पेन्सिलीनं पोरीचं वाटोळं केलं होतं!

तेवढ्यात संताजीराव पुढे आले. "काय गडबड आहे?"

"काका, चूक झाली. पाहुणा नको म्हणाला की थांबायला हवं होतं," रुची पडेल आवाजात म्हणाली.

"का म्हणून?" संताजीराव भडकलेच. "आपल्याकडे नको म्हटल्यावर कोण थांबतं? नको म्हणजे आता आग्रह सुरू करा! बरोबर लिहिलंय."

"अहो, पण मग पाहुणा उठणार कधी?" मंडळाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या भवानीबाई कडाडल्या. "पानावर हात आडवा धरला, की वाढप्यानं मुकाट पुढं जायचं. एवढंही ठाऊक नाही?"

रुचीनं भवानीबाईंकडे पाहिलं. मग तिचे डोळे चमकले. तिनं मुलांकडून आणखी एक ठोकळा जोडून घेतला: बटण दाबलं, की पाहुणा हात आडवा धरेल. पण वेळेवर दाबायचं; चुकलं की जिलबी पडलीच!

आणि मग काय विचारता! "वाचला!" "अरे, पडली रे पडली!" हॉलमध्ये एकच कल्ला झाला. आईबाप पोरांच्या हातून लॅपटॉप ओढू लागले.

"मघाशी तुम्ही नुसते बघत होता," रुची मुलांना म्हणाली, "आता पाहुण्याला वाचवणं तुमच्या हातात आहे. याला म्हणतात खेळ."

संताजीरावांनी तिथंच दर रविवारचा हॉल जाहीर केला. "खरी मजा त्या 'अजून वाढ'मध्ये आहे. काय डोकं आहे पोरीचं!"

मास्तरांना राहवेना. ते खांबाआडून पुढे आले. "ती ओळ तिची नाही. माझ्या हातून बदलली गेली."

हॉल खो खो हसला.

"मास्तर, पोरीच्या कौतुकात वाटा मागता होय?" संताजीराव म्हणाले.

"अहो, देवाशपथ सांगतो!"

"बाबा, बसा आता," रुची हसू दाबत म्हणाली.

मास्तर बसले. शेजारच्या गृहस्थांनी हळूच विचारलं, "सर, कंप्युटर येतो तरी का तुम्हाला?"

जन्मात कधी खोटं न बोललेल्या मास्तरांनी छाती फुगवली.

"छे हो! एक अक्षर कळत नाही. सगळं तिचंच!"