एका चुलीचं त्रिशूळ

केवळराम ओढ्यात बसला. बसायचं त्याच्या मनात नव्हतं, पण शेवाळलेल्या दगडानं त्याला विचारलं नाही. धोतर भिजलं, बंडी भिजली, बंडीच्या खिशातून बिड्यांचा कट्टा निघून पाण्यावर तरंगत चालता झाला. पण हातातलं त्रिशूळ मात्र त्यानं डोक्यावर ताठ धरलं होतं.

"त्रिशूळ टेकलं का?" काठावरून त्याच्या बायकोनं, सत्यभामाबाईनं विचारलं.

"नाई टेकलं. पाय गेला माया."

"पायाचं मंग पाहू." वाहत चाललेल्या कट्ट्याकडे तिची नजर गेली. "अन् बिडी सोडली म्हणत होते ना?"

"वास घ्यापुरता ठेवला होता," केवळराम पाण्यातूनच म्हणाला.

महादेवाच्या यात्रेचा हा काफिला एकोडी गावचा. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या सालची शिवरात्र होती. शेतात लाखोरीचं पीक उभं टाकून कोणाचा लेक, कोणाचा भाऊ राखणीला ठेवून माणसं निघाली होती. जुन्नारदेवच्या पहिल्या पायरीपासून सातपुड्याचे डोंगर चढत उतरत, भुराभगतावरून चौरागडापर्यंत पायी जायचं. पहाटे उठायचं, तीन दगड मांडून भात उतरवायचा, भांडी राखेनं घासायची आणि ऊन तापायच्या आत एक डोंगर मागे टाकायचा. टाचांना भेगा पडल्या की त्यात मेण भरायचं. ज्याला नवस फेडायचा त्यानं त्रिशूळ खांद्यावर घ्यायचं, आणि ते चौरागडावर रोवेपर्यंत भुईला लागू द्यायचं नाही. लागलं तर जिथं असाल तिथून परत. पुढच्या साली पुन्हा गावच्या वेशीपासून सुरुवात.

सत्यभामाबाईच्या घरचं त्रिशूळ तिच्या सासूच्या नवसाचं. एका पावसाळ्यात घरच्या बोडीची, शेतावरच्या तळ्याची, पाळ फुटता फुटता राहिली, खालचं सगळं धान वाचलं, तेव्हा आनंदाबाईनं महादेवाला हात जोडले होते. नवस फेडायच्या आत म्हातारी गेली. जाताना थोरल्या सुनेचा हात धरून एवढंच बोलली, "घरचं त्रिशूळ राहिलं व माय." तो हात सत्यभामाबाईच्या मनगटावरून अजून सुटला नव्हता.

पण म्हातारी गेली आणि घर एक राहिलं नाही. केवळराम आणि त्याचा धाकटा भाऊ भय्याजी वेगळे झाले. वाटणी इतकी चोख झाली की पाटा सत्यभामाबाईकडे आला आणि वरवंटा भय्याजीच्या बायकोकडे, बेबीबाईकडे गेला. दोघी जावांनी उरलेला अर्धा भाग बाजारातून आणला, पण एकमेकींकडे मागितला नाही. अंगण एक, चुली दोन, आणि मधे बोलणं नाही.

यात्रेला निघताना बेबीबाईही पिशवी घेऊन वेशीवर उभी राहिली, तेव्हा सत्यभामाबाईनं साऱ्या गावादेखत नेम सांगून टाकला होता. "त्रिशुळाले हात आमच्या चुलीच्या माणसाचाच लागन. ज्याची चूल वेगळी, त्याचा हात नाई." काफिल्याचा म्होरक्या देवाजी भगत चिलीम झटकत म्हणाला होता, "घरचा नवस, घरचा नेम. आपल्याले काय?" म्हणजे नेम पक्का झाला.

आता ओढ्याकाठी केवळरामचा घोटा पाहता पाहता भोपळ्यासारखा फुगला. नारळवाल्याची एक बैलगाडी डोंगराला वळसा घालून भुराभगताला चालली होती, तिच्यात देवाजीनं त्याला बसवून दिलं. "सांजेले भेटजो. तिथं झाडपाल्याचं औषध देनारा हाये." गाडी हलली. त्रिशूळ कोणी घ्यायचं, हे ठरायचं राहिलं. एक हात मात्र पुढे आला. हिरव्या बांगड्यांचा, बेबीबाईचा.

"हात नको लावू," सत्यभामाबाई म्हणाली आणि त्रिशूळ आपल्या खांद्यावर घेतलं.

बेबीबाईनं हात मागे घेतला. पदर नीट केला आणि ती नेहमीसारखी काफिल्याच्या शेपटाला जाऊन चालू लागली. सत्यभामाबाई नेहमी सगळ्यांच्या पुढे चालायची. मागे चालणं तिला कधी जमलं नव्हतं.

पहिला चढ ठीक गेला. दुसऱ्या चढाला तिच्या लक्षात आलं की त्रिशूळ धरलेल्या बाईला एकच हात उरतो. एका हातानं पदर खोचता येत नाही, कुसळ काढता येत नाही, आणि दुपारच्या मुक्कामाला चूल तर मुळीच पेटवता येत नाही. तिच्या पिशवीत तांदूळ होते, डाळ होती, मिठाची पुरचुंडी होती. पण तीन दगड मांडायला वाकली की त्रिशुळाचं टोक भुईकडे झुकायचं.

तिनं एक मोहाचं झाड पाहिलं, दोन फांद्यांच्या बेचक्यात त्रिशूळ नीट अडकवलं आणि हात मोकळे करून दगड गोळा करायला वळली. तेवढ्यात वरून एक काळतोंड्या वानर उतरला. त्रिशुळाला नारळाची लाल पुरचुंडी बांधली होती, ती त्यानं दोन्ही हातांनी ओढली. पुरचुंडी सुटली आणि त्रिशूळही सुटलं. सत्यभामाबाईनं हातातले दगड टाकले आणि पडतं लेकरू झेलावं तसं त्रिशूळ छातीवर झेललं. वानर लाल फडकं डोक्यावर घेऊन फांदीवर बसला.

"पाह्य व," श्रावण म्हणाला, "तो बी नवसाले चालला."

श्रावण तिच्या शेजारचा. त्याला देवानं कोणतंही काम नीट दिलं नव्हतं, म्हणून तो बोलायचा. त्याची बायको ललिताबाई मात्र भली. तिनं पळसाच्या पानावर भात आणि वांग्याची भाजी वाढून आणली.

"वहिनी, खाऊन घ्या दोन घास."

सत्यभामाबाईनं हात पुढे केलाच होता, तर श्रावण म्हणाला, "पाहून खाजा, वहिनी. आमच्या चुलीचं खाल्लं का तुम्ही आमच्या चुलीच्या झाल्या. मंग हे त्रिशूळ तुमच्या चुलीचं कसं राहीन?"

सगळे हसले. देवाजी भगत हसला नाही. तो विचारात पडला, आणि ते अधिक वाईट होतं. "बोलनं त बरोबर हाये त्याचं," तो म्हणाला. "नेम म्हंजे नेम."

सत्यभामाबाईनं हात मागे घेतला. "मले भूक कुठं हाये?" असं म्हणून तिनं पिशवीतले फुटाणे काढले. फुटाणे भडभुंज्याच्या भट्टीचे, त्यांना घरची चूल नाही, त्यामुळे त्यांच्यात कोणाला खोट काढता आली नाही. फुटाणे खाल्ले की घसा सुकतो, घसा सुकला की पाणी लागतं. ती दर झऱ्याला पाणी प्याली. ललिताबाईनं दिलं तेही प्याली; पाण्याला चूल नसते.

आणि इथंच तिची खरी पंचाईत सुरू झाली.

ऊन कलायच्या सुमाराला सगळ्यात उभा चढ लागला, आणि सत्यभामाबाईची चाल आधी मंद झाली, मग एकाएकी फार जोरात झाली, मग थांबलीच. बाकीच्या बाया मधेमधे झुडपाआड जाऊन येत होत्या. पण देवाचं त्रिशूळ घेऊन झुडपाआड जाता येत नाही. भुईवर ठेवता येत नाही. झाडाला लावावं तर लाल फडक्याचा वानर सोयऱ्यांना घेऊन काफिल्याबरोबर झाडाझाडानं चाललेला. कोणाच्या हाती द्यावं, तर तिच्या चुलीचं एकच माणूस, आणि तो बैलगाडीत पाय पसरून बसलेला.

ती एका खडकाला टेकून उभी राहिली. माणसं पुढे निघून गेली. "काहून थांबल्या, वहिनी?" असं दोघींनी विचारलं. "डोंगर पाहून राहिलो," असं तिनं दोघींनाही सांगितलं. आयुष्यात तिनं डोंगर असा कधी पाहिला नव्हता. सासूचा हात मनगटावर होता, आणि दुसरीकडे देहाचा धर्म होता, आणि दोघेही थांबायला तयार नव्हते.

शेवटी मागून बेबीबाई आली. तिच्यामागे देवाजी आणि श्रावण. मागे कोणी राहू नये म्हणून देवाजी उभ्या चढाला शेवटी चालायचा. बेबीबाईनं जावेच्या तोंडाकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे पाहिलं. बाईला बाईचं सांगावं लागत नाही.

"बाई," ती म्हणाली. वाटणी झाल्यापासून हा तिचा पहिला शब्द. "तुमच्या पिशवीत घरचं काई हाये का खायाले? तुमच्या चुलीचं?"

"तुले कायले पायजे?"

"भूक लागली."

सत्यभामाबाईला आधी राग आला. मग समजलं. तिनं एका हातानं पिशवी चाचपली. फुटाणे, तांदूळ, मीठ. आणि अगदी तळाशी तिखटमिठाची एक पुरी. एकोडीहून निघायच्या आदल्या दिवशी तळलेली. एवढ्या दिवसांत ती पुरी राहिली नव्हती, तिचं छपरावरचं कवेलू झालं होतं.

बेबीबाईनं ती घेतली, देवाजी भगताला दाखवली, आणि खाल्ली. सहज खाल्ली नाही. आधी खडकावर आपटून तिचे दोन तुकडे केले, मग ते दाढेखाली धरून मान वाकडी करून तोडले. कडकड आवाज येत होता. शेवटचा तुकडा गिळून तिनं पदरानं तोंड पुसलं आणि देवाजीला विचारलं, "झालो का मी त्यायच्या चुलीची?"

देवाजीनं खडकावर सांडलेला चुरा पाहिला. "झाली," तो म्हणाला.

सत्यभामाबाईनं त्रिशूळ तिच्या हाती दिलं आणि ती गेली. वयाच्या मानानं फार वेगानं गेली.

परत आली ती पुन्हा पहिल्यासारखी ताठ होऊन. त्रिशूळ घेताना ती म्हणाली, "सैल धरलं होतंस." मनात मात्र हिशेब मांडला होता: मी तिच्या दारी गेले नाही, तीच माझ्या चुलीवर आली. उतारभर हा विचार तिला फुटाण्यांपेक्षा पोटभरीचा वाटला.

भुराभगताला पोचले तेव्हा केवळराम एका साजाच्या झाडाखाली पायाला पाला बांधून, नव्या नवरदेवासारखा बसला होता. पाय बराच उतरला होता. सत्यभामाबाईनं त्रिशूळ त्याच्या हाती दिलं, हात झटकले आणि दगड मांडायला बसली. काय झालं, कसं झालं, ते ती त्याला सांगत होती. पुरीचं जरा जास्तच सांगत होती. बेबीबाई थोडी बाजूला, त्याच्या मागच्या अंगाला, डोक्यावरून पदर पुढे ओढून तांदूळ निवडत होती. केवळराम तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्याशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, हे आमच्याकडे कोणत्याही सुनेला शिकवावं लागत नाही.

मीठ कुठं ठेवलं ते विचारायला सत्यभामाबाई वळली, आणि तशीच राहिली.

केवळराम समोरचा डोंगर पाहत होता. डोंगराकडे बघता बघताच त्यानं त्रिशूळ मागे केलं. बेबीबाईनं मान वर न करता, सुपातून नजर न काढता, डावा हात वर केला आणि ते धरलं. त्यानं गाडीवाल्याकडून मागून आणलेली बिडी कानामागून काढली, काडी ओढली. हाती त्रिशूळ असताना बिडी ओढायची नाही, हा देवाजीचा नेम त्यानं तंतोतंत पाळला. बिडी संपली. त्यानं हात मागे केला. त्रिशूळ हातात आलं.

कोणी कोणाकडे पाहिलं नव्हतं. एका उखळात कांडणाऱ्या दोन बायांची मुसळं एकमेकींना लागत नाहीत, तसं ते झालं. आणि असं जमायला, सत्यभामाबाईला ठाऊक होतं, एक दिवस पुरत नाही. पहिल्या पायरीपासूनचा सराव होता तो. ती पुढे चालत होती. मागे हे चाललं होतं.

तिच्या तोंडाशी आलंच होतं. पण देवाजी भगत हाकेच्या अंतरावर बसला होता. तिनं बोलायचा अवकाश, की नेम पहिल्याच दिवशी मोडला ठरणार, त्रिशूळ परत, सासूचा हात आणखी एक साल मनगटावर. आणि मग दुसरी गोष्ट तिच्या लक्षात आली, ती पहिलीपेक्षा जड होती. खडकापाशी बेबीबाईनं एवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं, "मी त रोजच धरतो." देवाजी उभा होता, श्रावण उभा होता. साऱ्या एकोडीत सत्यभामाबाईची नाचक्की एका वाक्यावर होती. ते वाक्य सोडून तिनं पुरी खाल्ली.

चुलीतला धूर डोळ्यांत जात होता. सत्यभामाबाईनं फुंकणी घेतली, दोनदा फुंकली, आणि खाली ठेवली.

"बेबी."

"काय, बाई?"

"पुरी कशी होती?"

बेबीबाईनं सूप थांबवलं. तिनं जावेकडे पाहिलं, मग केवळरामच्या हातातल्या त्रिशुळाकडे, आणि तिला काय कळायचं ते कळलं.

"कडक होती," ती म्हणाली. "अन् मीठ बी कमी होतं."

एरवी सत्यभामाबाईच्या हाताला नाव ठेवणारी बाई त्या गावात राहिली नसती. ती नुसतं म्हणाली, "आन ते तांदूळ. दोन जागी कायले टाकाचे?"

चौरागडाच्या पायऱ्या केवळराम काठी टेकत, दर वळणावर बसत चढला. त्रिशूळ आळीपाळीनं दोघींच्या खांद्यावर होतं, आणि वर रोवताना चार हात लागले होते. गर्दीत ते त्रिशूळ हजारो त्रिशुळांत गेलं आणि कोणतं आपलं ते पाठ फिरताच ओळखू येईना. सत्यभामाबाई मनगट चोळत खाली उतरली.

गावी आल्यावर प्रसादाला बाया जमल्या. सत्यभामाबाईनं यात्रा सांगितली. ओढा सांगितला, वानर सांगितला, खडक सोडून दिला. "आमच्या घरच्या त्रिशुळाचा नेमच असा हाये," ती म्हणाली, "एकटीनं नेताच येत नाई. दोघी जावा लागतात. सासूचंच तसं बोलनं होतं." बेबीबाई प्रसाद वाटत होती, तिनं मान हलवली. केवळराम ओसरीवर होता, त्यानंही हलवली.

शेजारची गिरजाबाई वेशीवर निघताना हजर होती, आणि तिची आठवण चांगली होती.

"पन तुम्ही त म्हनल्या होत्या, हात एकाच चुलीचा लागन म्हनून?"

"मंग?" सत्यभामाबाई म्हणाली. "एकाच चुलीचा लागला. तुले कोनं सांगतलं आमच्या दोन चुली हायेत म्हनून?"

गिरजाबाईनं अंगणाच्या दोन टोकांना निघणाऱ्या दोन धुरांकडे पाहिलं. मग सत्यभामाबाईच्या तोंडाकडे पाहिलं. धुरापेक्षा तोंड जवळ होतं. तिनं प्रसाद घेतला आणि कपाळाला लावला.