काट्यांनी वाट सपाट केल्याचे वर्तमान
बाभळीची एक फांदी. अनवाणी पाऊल. गाडीतले गवत, त्यावर गोधडी. एक मैल माती.

श्रीमृत्तिका प्रसन्न. शके १८५१, शुक्लनाम संवत्सरी, मातीच्या मुलखात हैबतीराव मैलकुली यांचा अंमल एक मैल कच्च्या वाटेवर होता. वैशाखी फुफाट्याने वाट उडाली आणि आषाढी मेघांनी स्वारी केली आणि उरली ती चिखल होऊन चाकांस बिलगली. मग गाडीवानांनी एकच चाकोरी धरली, की तीत बैल आपोआप चालतात आणि धन्यास डुलकी घेता येते. आणि चाकोरी खोल जाहली आणि हिवाळ्यात वाळून दगड होऊ लागली. मागल्या मार्गशीर्षात ऐशाच चाकोरीत गाडी उलटून हैबतीरावांची कन्या सगुणाबाई यांचे पोटचे गेले होते. यंदा त्यांस पुन्हा दिवस राहिले, बाळंतपणास माहेरी आणावयाचे, वाट हीच. सबब आश्विनात, माती ओली आहे तोच, हैबतीरावांनी चाकोरीत बाभळीच्या फांद्या मांडिल्या आणि रोज वीतभर सरकविल्या, जेणेकरून बैलांनी काटे चुकवावे, चाके चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर चढावी आणि तो दबावा.

केरबा गाडीवान कोपले. "हैबतीमामा, रस्ता राखता की बैलांचे खूर फोडता?"

"सगुणा यायची हाय, केरबा. सातवा लागंल तवा."

केरबांनी तंबाखू थुंकली. "मग आधी बोलायचं की! आम्ही काय परमुलखाचे?"

मग काटे उचलिले गेले, आणि वीस गाड्या रोज आपण होऊन वीतभर सरकून चालल्या, आणि मार्गशीर्षापावेतो वाट तळहातासारखी जाहली. आणावयाचे दिवशी हैबतीराव म्हणाले, "कासरा तूच धर, केरबा," आणि आपण वहाणा काढून पुढे चालले, पावलांनी माती चाचपीत. गाडीतून सगुणाबाई वदल्या, "आबा, गाडी चाललीय का थांबलीय?"

"चाललीय, बाय," केरबा म्हणाले. "तुझा बाप वाटंला विचारत चाललाय."

हैबतीरावांनी मागे पाहिले नाही.

सारांश, फाल्गुनात सगुणाबाईंस कन्या जाहली, मायलेकी सुखरूप. पुढल्या आषाढात चाकोऱ्या पुन्हा पडल्या, आणि आश्विनात काटे पुन्हा मांडिले गेले.

पहिल्या खेपेस उलटली ती गाडी हैबतीराव स्वतः हाकीत होते.