पाटाची की पात्याची?

पनवेलच्या त्या दवाखान्यात संध्याकाळचे ऊन टिंक्चरच्या बाटलीत हळूहळू बुडत होते, आणि बाकावर बसलेल्या आनंदाच्या डोक्यातून रक्त अत्यंत संकोचाने ओघळत होते. आनंदा मिठागरावर राबणारा. कालवण अळणी झाले, असे तो घरी म्हणाला आणि पत्नी हौसाने हाताशी असलेली विळी त्याच्या डोक्यात हाणली. एवढेच.

प्रश्न मात्र शास्त्रीय होता. जखम पात्याची असल्यास हौसाला अटक. विळीच्या लाकडी पाटाची असल्यास समज देऊन सुटका. निर्णय होईपर्यंत टाके घालणे हा पुराव्यातील हस्तक्षेप ठरत होता.

"कडा सरळ आहेत. पातंच," विठू हवालदार म्हणाले.

"तसं नव्हे," डॉक्टर इनॉक म्हणाले. "डोक्याची कातडी हाडावर ताणलेली असते. बोथट मारानंही ती सरळ फाटते. भिंगातून जखमेत कातडीचे न तुटलेले धागे दिसले, तर पाट. पण आधी केस काढायला हवेत."

"पाटच व्हता, सायेब!" आनंदा कळवळला. "हिला धरून नेलीत तं आळणी कालवन तरी कोन देल?"

दवाखान्याचा न्हावी शिवा विज्ञानाच्या ओझ्याने थरथरत पुढे झाला. वस्तरा सर्रकन घसरला, आणि जखमेशेजारी दुसरी जखम उमलली. खोकल्याचे औषध न्यायला आलेले गोगटे मास्तर खो खो हसले.

डॉक्टरांनी भिंग लावले. "पहिली फाटलेली, म्हणजे पाटाची. दुसरी स्वच्छ कापलेली. उत्तम नमुना!"

"म्हणजे धारदार शस्त्राची जखम आहे," हवालदारांचा चेहरा उजळला.

"ती वस्तऱ्याची."

"वस्तरा दवाखान्याचा. तो साहित्यात मोडतो, शस्त्रात नाही. आणि साहित्यानं कोणाला जखम होत नाही. उरली विळी. चल गं बाय."

डॉक्टर विचारात पडले. वस्तरा शस्त्र मानावा, तर तो ज्यांच्या हुकमाने फिरला तेही आरोपी ठरत होते.

"शास्त्राचा याला विरोध नाही," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले.

हौसा वळली. "मास्तर, तुमी शिकलेले. वस्तरा लागला तवा तुमीच हासलाव. येवढं सांगा ना यांना!"

मास्तरांचे हसू, ही हकीकत इथवर वाचणाऱ्या कोणाही सभ्य माणसाच्या हसण्याइतके निर्मळ होते. त्यांनी बाटलीचे बूच घट्ट केले, वहाणा पायात सरकवल्या, आणि ते निघून गेले.